कमानीत न बसलेली ओळ

लग्नाच्या व्हिडिओतली नावं सजवायला बसलो की माझ्या अंगातच येतं. अक्षरांना सोनेरी रंग, मागं हलकी सावली, भोवती कमान, कमानीवर दोन मोर. साताऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत त्या वेळी कुणी मधे बोललं की मी खेकसतो. बायको म्हणते, नवरीला तरी एवढं कुणी नटवतं का?

गेल्या हंगामात पाटणकडची एक मावशी आली. मुलीचं लग्न होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शिलाई करून पोरगी तिनंच वाढवलेली. तिनं पत्रिका पुढं ठेवली. वर कैलासवासी नवऱ्याचं नाव, खाली दीर, चुलतदीर, झाडून सगळी भावकी. हिचं कुठंच नाही. आमच्याकडं विधवा आईचं नाव पुष्कळदा असंच राहतं, आणि कुणाला खटकतही नाही.

"भाऊ, पत्रिकेत भावकीनं न्हाई घातलं," ती हळूच म्हणाली. "हॉलमधल्या पडद्यावर तेवढं माजं नाव घाला. मोठं नगं. ह्यांच्या खाली, बारीक."

"त्यात काय मावशी, घालतो की!"

लग्नाच्या आदल्या दिवशी कामाला बसलो. तिची ओळ घातली की सगळी अक्षरं कमानीला घासायची. लहान केली तर सोनेरी रंग चिखलासारखा दिसायचा. कमान मोठी करावी, तर मोरांच्या माना कापल्या जायच्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, पडद्याकडं बघत बसतंय कोण? लोक जेवायला येतात. आणि मी ती ओळ काढून टाकली.

लग्नात पडद्यावर कमान उमलली तशी वरपक्षाची पोरं ओरडली, "एक नंबर!" मीही लॅपटॉपशेजारी छाती काढून उभा.

तेवढ्यात मावशी आली. औंधहून आलेल्या थोरल्या बहिणीला हाताला धरून ओढतच आणलं होतं तिनं. "बघ अक्का, आता माजं नाव येतंय."

कमान आली. नवरीचं नाव आलं, कैलासवासी वडलांचं आलं, आणि फोटो सुरू झाले. दोघी माना वर करून उभ्याच.

"थांब, परत फिरून येतंय."

परत आलं. परत गेलं. ती ओळ घालायला मला दोन मिनिटं पुरली असती. पण भरल्या हॉलमध्ये पडदा बंद केला तर लोक हसतील, या भीतीनं माझा हात उचलेना.

मावशी माझ्याकडं वळली. "भाऊ, लय बारीक झालंय व्हय? मी चष्मा न्हाई आणला."

"व्हय मावशी," मी म्हणालो. "जरा बारीकच झालंय."

अक्काच्या डोळ्यांवर चष्मा होता. तिनं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही चारचौघांत माझी काढणार, असं वाटलं, आणि काढली असती तर बरं झालं असतं.

"हाय की गं," ती बहिणीला म्हणाली. "दाजींच्या खालीच हाय. लय ग्वाड दिसतंय."

"व्हय?" मावशी म्हणाली, आणि पडद्याकडं बघत तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.