बंद पडलेला फ्रिज आणि गोठलेला मध

फ्रिजला लावलेल्या कंट्रोलरवर चाळीस डिग्री दिसत होते आणि बाटलीतला मध जसाच्या तसा घट्ट होता. कालपासून आतले बल्ब लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. मी बाटली उलटी धरली. आत काही हललं नाही. खाटेवर बसलेले सुखदेवभाऊ बघत होते, पण बोलले नाहीत. ते बोलत नाहीत, हेच तर त्या घराचं दुखणं होतं.

मी चिखल्याच्या मँगनीज खाणीत चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. जमिनीखालचे पंप, पंखे, केबल, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. रिटायर झाल्यावर घरात बसून हात शिवशिवतात. म्हणून कोणी बोलावलं की पिशवी उचलतो. नाकाडोंगरीच्या यशोदाबाई घरी आल्या तेव्हा मात्र मला त्यांचं म्हणणंच कळेना.

"भाऊ, एक बंद फ्रिज हाय घरी. त्याले गरम करून द्या."

"बाई, फ्रिज थंड करतो."

"तेवढं समजते मले. मले उलटा पायजे."

मग त्यांनी नीट सांगितलं. त्यांचे यजमान सुखदेवभाऊ मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. चांगला मधही थंडीत गोठतो, पण बाटलीत पांढरं बसलेलं दिसलं की लोकांना वाटतं साखरच घातली. महिन्याभरापूर्वी आमच्या खाणीच्या कॉलनीतून त्यांच्या बाटल्या एकामागून एक परत आल्या. मध हळूहळू कोमट केला की पुन्हा पातळ होतो. त्यासाठी त्यांना उबेचं कपाट हवं होतं.

"तवापासून यायनं बोलनंच टाकलं भाऊ. पेट्या देऊन टाकतो म्हनतेत. पेट्या गेल्या तं हा मानूस सकाळी उठन कायसाठी?"

परत गेलेली पहिली बाटली माझी होती. कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर दहा जणांसमोर ती उन्हात धरून मीच म्हणालो होतो, "ही साखर आहे." खाणीत माझ्या शब्दाला वजन होतं. मी टेस्टर लावून 'लाईन बंद' म्हटलं की माणसं बिनधास्त तारेला हात घालत. टपरीवरही तोच शब्द चालला. यशोदाबाईंना हे ठाऊक नसणार असं मी धरून चाललो आणि मुकाट काम घेतलं.

काम तसं सोपं. फ्रिजचा कॉम्प्रेसर आधीच भंगारात गेलेला. तळाशी साठ वॅटचे दोन बल्ब लावले, त्यांवर पत्रा टाकला, वर जाळीवर बाटल्या. फ्रिजचं अंग लोखंडाचं, म्हणून अर्थिंग सगळ्यात आधी. मग डबीएवढा कंट्रोलर. त्याला एक लांब वायर असते आणि तिच्या टोकाला धातूचा दाणा. तो सेन्सर. त्याला जिथे ठेवाल तिथली उष्णता तो मोजतो. ठरवलेला आकडा आला की कंट्रोलरमधला रिले, म्हणजे आपोआप चालणारं बटण, 'टिक' करून बल्ब बंद करतो. आकडा चाळीसचा ठेवला. मध फार तापला की त्याचा वास जातो, असं यशोदाबाईंनी दोनदा बजावलं होतं.

आणि एवढं करून मध दगड.

माझा पारा चढला. "सत्तरवर ठेवतो," मी म्हणालो. "बघू कसा वितळत नाही ते."

"थांबा भाऊ." यशोदाबाईंनी माझा हातच धरला. फ्रिजमध्ये डोकावून त्यांनी वायरीवरून बोट फिरवत नेलं. "हा दाना तुमी बल्बाले काहून बांधला?"

खाणीत मोटर जळू नये म्हणून सेन्सर मोटरच्याच अंगाला लावतात. आसपासच्या हवेशी आम्हाला काही देणंघेणं नसतं. इतक्या वर्षांच्या सवयीने मी तो बल्बच्या होल्डरला बांधला होता. होल्डर दोन मिनिटांत चाळीसला पोचायचा, बल्ब विझायचे, वरच्या बाटल्या थंडच.

"लेकराले ताप आला तं थर्मामीटर चुलीत ठेवता का तुमी?"

खाटेवरून आवाज आला. सुखदेवभाऊ हसत होते. यशोदाबाई वळून बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि सेन्सर बाटलीच्या पोटाला बांधला, पोराच्या गुडघ्याला बांधावी तशी. ऊब हळू चढावी म्हणून मी एक बल्ब काढला. हवा फिरायला जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तेव्हा बाटली सुखदेवभाऊंच्या हातात होती. मध पातळ होता, चहाच्या रंगाचा. त्यांनी झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं.

"तिळाच्या फुलाचा हाय," ते म्हणाले. "वास पाहा. कुठीच गेला नाही."

मला पुढे गप्प राहवेना. "सुखदेवभाऊ, टपरीवर साखर म्हणणारा मीच होतो."

"मालूम हाय," यशोदाबाई आतून म्हणाल्या. "दुसरा मिस्तरी का जवळ तुमसरात भेटला नसता? सांगितलं असतं तं तुमी मानलं असतं का? म्हनून डोळ्यानं पाहाले बोलावलं."

सुखदेवभाऊंनी ती बाटली माझ्या पिशवीत ठेवली. लुगड्याची पट्टी तशीच होती. "टपरीवर ठेवजा," एवढंच म्हणाले आणि पेट्या बघायला निघून गेले. यशोदाबाई दारात उभ्या राहून ते बांधाआड होईपर्यंत बघत होत्या.

मी बाटली टपरीवर ठेवली. त्याच दहा जणांसमोर म्हणालो, "साखर नव्हती. मी चुकलो."

थंडी सरायच्या आत बाटली पुन्हा गोठली. कोणीतरी म्हणालंच, "बसली पाहा साखर."

"मध आहे तो," मी म्हणालो. "थंडीत बसतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चमचाभर चाखून बघावा असं याही वेळी कोणाला वाटलं नाही. नुसत्या माझ्या शब्दावर तो साखर झाला होता आणि नुसत्या माझ्या शब्दावर पुन्हा मध झाला. चौतीस वर्षांत टेस्टर लावल्याशिवाय मी एका तारेबद्दल बोललो नव्हतो. माणसाबद्दल मात्र बोललो होतो.