काम झाल्यावरच 'झालं' म्हणणारी

मित्राताई गेल्याचं कळलं तेव्हा मी शिरूरच्या ऑफिसात होतो आणि सकाळच्या रिपोर्टांची गर्दी नुकतीच सुरू झाली होती. फोन दौंडहून, तिच्या आईचा. "पोरगी गेली रं... पहाटं गेली," एवढंच त्या म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा समोर स्क्रीनवर गावोगावच्या सेंटरचे रिपोर्ट एकामागून एक सरकत होते. कुणाचा साखरेचा, कुणाचा थायरॉइडचा... आणि माझं बोटही न लागता ज्याचे त्याला बरोबर पोचत होते. ही सगळी व्यवस्था तिनं लावून दिलेली. ती गेली आणि हे मात्र चाललंय, याचा आधी मला रागच आला. मग अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर मी त्या स्क्रीनला हात जोडले. या गोष्टीला आता दीडेक महिना होईल, आणि मित्राताई कोण होती हे चार लोकांना सांगावं असं फार वाटतंय.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा. दौंडची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचं बॅकएंडचं काम, म्हणजे पडद्यामागं सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर, ती दौंडच्या घरात बसून करायची. दर रविवारी दुपारी त्याच घराच्या पुढच्या खोलीत फुकट शिकवायची. आमची ओळख झाली ती आमच्या फजितीमुळं. आमची पॅथॉलॉजी लॅब शिरूरला आणि रक्त गोळा करायची सेंटरं पार पाबळपासून दौंडपर्यंत पसरलेली. कॉम्प्युटरचं खातं म्हणजे मी एकटा. रिपोर्ट तयार करणं, डॉक्टरांना पाठवणं, पेशंटला मेसेज करणं, हे सगळं आमचा सर्व्हर एका दमात करायचा. त्यातलं एक अडलं की मागचं सगळं तुंबायचं, आणि तुंबलेल्यातलं काही हरवायचं. म्हणून मी व्हिडिओ बघून बघून मेसेज ब्रोकर बसवला. ब्रोकर म्हणजे मधे बसणारा एक प्रोग्राम. काम देणाऱ्यानं त्याच्याकडं निरोप टाकून मोकळं व्हायचं, काम करणाऱ्यानं आपल्या सवडीनं त्याच्याकडून एकेक उचलायचा. शिरूरात ब्रोकर म्हटलं की लोकांना जमिनीची प्लॉटिंगच आठवते, त्यामुळं माझी चेष्टा बरीच झाली, पण मी छाती फुगवून होतो.

आणि तरीही रिपोर्ट हरवले. इनामगावच्या एका दिवस भरत आलेल्या सुनेचं हिमोग्लोबिन पार तळाला गेलेलं. रिपोर्ट तयार होता, आमच्या मते गेलाही होता, पण पोचला कुठंच नाही. तिचे सासरे स्वतः काउंटरवर येऊन उभे राहिले. "सुनंला घेरी येतीया, आन् तुमी म्हंता रिपोर्ट धाडला. कुठं धाडला?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बाई वाचली, वेळेवर रक्त मिळालं म्हणून. आमच्या डॉक्टरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, मला आत बोलावून शांतपणे सांगितलं, "पुन्हा एक जरी रिपोर्ट हरवला तरी हे सगळं बंद. मोटारसायकलवरून कागद पाठवू. उशिरा पोचतील, पण पोचतील." ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणूनच मला झोप लागेना. दौंड सेंटरवरची मुलगी मित्राताईच्या वर्गाला जायची. तिच्याकडून निरोप गेला आणि मित्राताई स्कूटरवर बसून, न्हावऱ्याच्या रस्त्याची धूळ खात, शिरूरला आली.

मला वाटलं होतं, ती आल्या आल्या लॅपटॉप उघडेल. तिनं आधी टेबलं भिंतीला लावायला सांगितली. मी म्हटलं, "ताई, ब्रोकर म्हणजे पोस्ट ऑफिससारखंच ना?" तर म्हणाली, "उपमा नको. उपमेनं समजल्यासारखं वाटतं, समजत काहीच नाही. हातानं करून बघू." (तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायचो, मनात मात्र ती पहिल्या दिवसापासून 'ती'च होती.) काउंटरवरच्या सविताला तिनं दारात उभं केलं, ती निरोप देणारी. डॉक्टरांना मधे खुर्चीवर बसवलं, ते ब्रोकर. पलीकडच्या टेबलावर पेशंटच्या नावाची पाकिटं, आणि तिथवर रिपोर्टची चिठ्ठी पोचवणारा मी. नियम एकच... डॉक्टरांनी मला एक प्रत द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची, आणि माझ्या तोंडून 'झालं' ऐकलं की आपल्याजवळची प्रत फाडून टाकायची.

सविताची पहिली चिठ्ठी आली. डॉक्टरांनी प्रत माझ्या हातात दिली, आणि आपल्याकडं मोठ्या माणसानं काम सांगितलं की जे आपोआप तोंडातून निघतं तेच माझ्या तोंडातून निघालं, "व्हय सर, झालंच समजा." डॉक्टरांनी प्रत फाडली. मी खोलीच्या मध्यावर पोचलो असेन नसेन, मित्राताईनं माझा दंड धरला आणि मला खाली बसवलं. माझ्या हातातली चिठ्ठी काढून तिनं पर्समध्ये टाकली. "हा मेला," ती म्हणाली. "लाइट गेली, मशिन बंद पडलं, काय पण समजा. आता सांगा, हा रिपोर्ट कुणाकडं हाय?" डॉक्टर मांडीवरच्या कागदाच्या कपट्यांकडं बघत राहिले. त्या क्षणी मला इनामगावची ती सून दिसली आणि माझ्या प्रोग्राममधली ती एक ओळ दिसली, जिच्यात निरोप हातात पडताक्षणी 'झालं' असं उत्तर जात होतं. "शिरूरकरांनी मशिनला बी 'झालंच समजा' शिकवलं व्हय," असं म्हणून ती इतकी मोकळी हसली की आम्हीही हसलो. मग तिनं तोच डाव पुन्हा मांडला. या वेळी मी चिठ्ठी पाकिटात टाकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पुन्हा मला मधेच 'मारलं'. डॉक्टरांकडची प्रत शाबूत. त्यांनी ती मुकाट्यानं सविताच्या हातात दिली, आणि माझ्या जागी चालत जाऊन तिनं ती पोचवली. काम घेतलेला माणूस संपला तरी काम संपत नाही, ते रांगेत परत येतं आणि दुसरा उचलतो... अट एवढीच, की पहिल्यानं आधीच 'झालं' म्हणून ठेवलेलं नसावं. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

प्रोग्राम दुरुस्त झाल्यावर ती म्हणाली, "आता भर गर्दीत बंद करा." माझा हात धजेना. तिनं स्वतः जाऊन रिपोर्ट पाठवणाऱ्या मशिनचं बटण दाबलं. रांगेतले आकडे वाढत चालले, काउंटरवर माणसं दाटली, डॉक्टर घड्याळाकडं आणि मी देवाकडं बघत होतो. ती चहा पीत होती. मग तिनं बटण पुन्हा चालू केलं आणि तो वाढलेला आकडा हळूहळू उतरायला लागला... पार शून्यावर आला. सवितानं रक्ताच्या नळ्यांशी ताळा करून बघितला. एकही रिपोर्ट कमी नव्हता. मी आयुष्यात मोठमोठी धरणं बघितली आहेत, देवळं बघितली आहेत, पण त्या उतरत्या आकड्याइतकं थक्क मला कशानंच केलेलं नाही. मोटारसायकलीचा विषय डॉक्टरांनी नंतर कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी इनामगावच्या त्या सुनेच्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, फोन. "सुनंचा एकच रिपोर्ट दोनदा कशापायी धाडला? दोन दुखणी हायेत का काय तिला?" मी घाबरून मित्राताईला फोन लावला, तर ती म्हणाली, "मामांना सांग, दुखणं एकच हाय. तुझ्या मशिननं मेसेज पाठवला आन् 'झालं' म्हणायच्या आत ते बंद पडलं, म्हणून दुसऱ्यांदा गेला. पोचवीनच एवढं वचन ब्रोकर देतो, एकदाच पोचवीन असं नाही. आधी आलेलं ओळखायचं काम तुझं." तेही तिनं शिकवलं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती स्वतःही तशीच वागते. तिला काही विचारलं की लगेच 'हो' नाही, 'बघते' नाही. लोकांना ती तुसडी वाटायची. आणि मग कधीतरी, आपण आशा सोडल्यावर, फोनवर एकच शब्द यायचा, 'झालं'. तो आला की डोळे मिटून विसंबावं.

तिला कर्करोग झाल्याचं मला तिनं सांगितलं नाही, आमच्या रांगेनं सांगितलं. पुण्यात उपचार सुरू झाल्यावर दर खेपेच्या आधी ती दौंडच्या आमच्याच सेंटरवर रक्त द्यायची. एका सकाळी स्क्रीनवर तिचं नाव दिसलं. तपासण्या वाचून मी उमजायचं ते उमजलो. वाटलं, हा एक रिपोर्ट थांबवावा, थोडा वेळ तरी... तो थांबला नाही, आणि थांबणारा नव्हताच, तिनंच तशी व्यवस्था केलेली. पांढऱ्या पेशी फार कमी होत्या. काही वेळानं तिचा मेसेज आला, "पोचला. उशीर झाला नाही. छान चाललंय तुझं." मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला बसलो. अशी माणसं कुठल्या मातीची असतात, मला अजून कळलेलं नाही.

शेवटची भेट दौंडलाच. पुढच्या खोलीत सतरंजीची गुंडाळी कोपऱ्यात उभी, आणि ती खाटेवर, पार एवढीशी झालेली. रविवारचा वर्ग महिनाभर बंद होता. म्हणाली, "पोरं ब्रोकरपर्यंत आलीत. निरोप टाकता येतो त्यांना. पण काम घेतलेला मधीच मेला तर काय, ते ऱ्हायलंय. तू शिकवशील?" आणि मी, सगळं शिकूनसवरून, म्हणालो, "व्हय ताई, झालंच समजा." ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी जीभ चावली. "शिकवलं की सांगतो," म्हटलं. तेव्हा तिनं मान डोलावली.

मी टाळत राहिलो. ऑफिसात एकट्यानं करणं वेगळं आणि तिच्या खोलीत, तिच्या जागी उभं राहणं वेगळं. आपल्याला जमणार नाही, पोरं हसतील, असंच मनात यायचं. आणि तेवढ्यात ती गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर एका रविवारी मी दौंडला गेलो. आईंनी स्वतः सतरंजी अंथरली होती. पोरं आली, तिच्या वर्गातले, सणसवाडीच्या कंपनीत लागलेले दोघेही सुट्टी काढून आले. मी उपमा दिल्या नाहीत. चिठ्ठ्या केल्या, एकाला मधे बसवलं, एकाला पळवलं, आणि मधेच त्याचा दंड धरून म्हटलं, "हा मेला." मग ताईचाच प्रश्न विचारला, आणि मागं बसलेली एक मुलगी न सांगता उठली, मधल्याकडची प्रत घेतली आणि पाकिटात टाकून आली.

वर्ग सुटल्यावर मी दाराशी चपला घालताना फोन काढला आणि मित्राताईच्या नंबरवर एक शब्द पाठवला. का, ते विचारू नका... सांगायचं कबूल केलं होतं. आतल्या खोलीत काहीतरी वाजलं. आई फोन घेऊन बाहेर आल्या. रोज त्याला चार्जिंगला लावतात, बंद पडू देत नाहीत.

"तिच्या फोनवर कुणाचं तरी काय आलंय," त्या म्हणाल्या. "मला चष्म्याबिगर दिसंना. वाच बरं."

मी वाचून दाखवलं. त्यांनी फोन पदरानं पुसला, थोडा वेळ छातीशी धरला आणि म्हणाल्या, "वाटच बघत हुती ती."