तालीम न केलेला पाठ

सोलापुरात बी.एड.ला असताना आम्ही सगळेच एक लबाडी करायचो. मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर बसून पाठ बघणार असल्या, की आदल्या दिवशी तोच पाठ वर्गाकडून गुपचूप घटवून घ्यायचा. मीही घर्षणाचा पाठ तसाच घटवून घेतला. मग मॅडमसमोर मी नुसता चेंडू जमिनीवर घरंगळत सोडला आणि सातवीचा अख्खा वर्ग ओरडला, "घर्षण!" मी अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. मॅडम हसल्या नाहीत. "उद्या हाच पाठ दुसऱ्या तुकडीवर घ्या, तालीम न करता," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या तुकडीत चेंडू थांबला तरी मुलं गप्पच. शेवटी घरी माग असलेल्या एका मुलीनं दबकत विचारलं, "बाई, मागावर आमचा धागा सारखा तुटतो, तोपण घासूनच का?" माझ्या टाचणात हे कुठंच नव्हतं. मी टाचण मिटलं आणि खडू तिच्या हातात दिला. "कुठं घासतो, तूच दाखव." उरलेला तास तिनंच घेतला म्हणा ना.

मॅडमनी लाल शाईनं शेरा मारला, 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही,' आणि गुण कापले. मी चिडले होते. आज मात्र तोच शेरा मी मिरवते. कारण दुसऱ्या दिवशी ती मुलगी मुठीत तुटका धागा घेऊन शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभी होती.

"बाई, बघा की, हितंच घासतंय."

गृहपाठ तर मी दिलाच नव्हता.