काळभैरवाच्या भरवशावर

सोनारीत ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक काका आहेत. गावातल्या प्रत्येकाच्या खात्याला ते एकच पासवर्ड ठेवतात, काळभैरवाचं नाव. तो टाइप करण्याआधी चप्पल काढतात. "देवाच्या नावाला हात लावायची कुणाची छाती न्हाय," म्हणतात.

धास्तीनं मी माझा पासवर्ड गुपचूप बदलला आणि विसरलो. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी पुन्हा त्यांच्याच दारात उभा राहिलो. ते रागावले नाहीत.

"देव बदलला की असंच व्हतंय," म्हणाले, आणि जुनाच परत बसवून दिला.

आता पालखी निघाली की हजारो माणसं हात उंचावून माझा पासवर्ड ओरडतात. काका माझ्याकडं बघत राहतात. मग मीही ओरडतो.