देवाला मधे घालून बोलणं

आमच्या घरात कुणाला रागवायचं असलं की माझे यजमान डोळे मिटतात. निवृत्त शिक्षक माणूस, अख्खं अनसिंग त्यांना गुरुजी म्हणतं, तोंडावर कुणाला वाकडा शब्द बोलणार नाहीत. पण शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे चार घरची माणसं प्रार्थनेला जमली, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची वेळ आली, की ह्यांच्या आठवडाभराच्या तक्रारी पुस्तकी मराठीत वर पोचतात. "हे दयाळू पित्या, या घरात ज्यांना ऊन अंगावर आल्याशिवाय जाग येत नाही, त्यांना तू स्पर्श कर." दुसऱ्याच्या प्रार्थनेत बोलायचं नाही ही आमची रीत, म्हणून निमूट ऐकायचं आणि वर आमेनही म्हणायचं. लग्न झाल्यापासून मी हे सोसलं. भाजी खारट झाली तर मला सांगा ना! पण नाही, ती बातमी थेट स्वर्गात.

मग सून आली. प्रज्ञा आसेगावच्या बौद्ध घरातली, मुलानं पसंत केलेली, कामाला वाघ आणि बोलायला सरळ. मुलगा दिवसभर वाशीमला नोकरीवर, घरी आम्ही तिघं. ती आमचा मान म्हणून प्रार्थनेला बसायची. सुरुवातीला हे कुणाबद्दल बोलतात ते तिला कळेना. कळलं तेव्हा ती गप्प गप्प राहू लागली. एका शुक्रवारी सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, उद्या मी माहेरी जातो. बाबूजीले जे बोलाचं ते मले तोंडावर बोला म्हना. देवाले मधात काहून घालून राह्यले?"

 ही गेली की लवकर परतायची नाही, आणि पोरगाही तिच्यामागे वेगळी खोली घेईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी तिच्यासाठी प्रार्थनाच करतो, शिव्या तर देत नाही ना?" डोकंच फिरलं माझं. ठरवलं, प्रार्थनेत ह्यांच्या मागोमाग माझी पाळी असते, आज ह्यांचंच औषध ह्यांना पाजायचं. "प्रभू, जे तुझ्या पाठीमागे लपून लेकीसारख्या सुनेला दगड मारतात, त्यांची जीभ आवर." तव्यावर भाकरी आणि मनात ही प्रार्थना, दोन्ही दिवसभर खरपूस भाजत होत्या. बोलणं गोड असावं, त्यात मीठ असावं पण बेतानं, असं आमच्या चर्चचे पाळक नेहमी सांगतात. त्या दिवशी मी मिठाचा डबाच उपडा करणार होते.

संध्याकाळी शेजारीण तिच्या मावशीला घेऊन आली. रिठदची म्हातारी, आमच्याकडे पहिल्यांदाच. यजमानांनी डोळे मिटले. "हे पित्या, या घरात एक जीव आहे, त्याचं अंतःकरण कठीण झालं आहे. त्याच्यावर दया कर." मी दात आवळून माझी पाळी येण्याची वाट बघत होते, तेवढ्यात मावशीचा आवाज आला.

"कोन व्हय बापा थे? नाव सांगा ना, मी हात ठेवतो."

तिच्या मंडळीत, म्हणजे तिकडच्या चर्चमध्ये, दुःखात असलेल्या माणसाचं नाव घेतात, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, मगच प्रार्थना करतात. आमची रीत तिला ठाऊक नव्हती.   ह्यांना नाव घेता येईना आणि पुढेही जाता येईना. शेवटी प्रज्ञाच म्हणाली, "मीच हाव, मावशी."

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली, प्रज्ञाच्या डोक्यावर तिनं हात ठेवला. "प्रभू, हे लेकरू थकलं हाये. हिले माहेराची याद येत असन. अन् हिच्यासाठी जीव तोडून मांगनारा सासरा देल्ला तू, त्याले बी सांभाळ." म्हातारीला खरंच तसं वाटलं होतं. प्रज्ञा हुंदके देऊन रडली. यजमानांची मान इतकी खाली गेली होती की मला त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं.

मग माझी पाळी. तोंड उघडलं, आणि दिवसभर घोटलेलं एक अक्षर आठवेना. प्रज्ञाचं नाव घेतलं, ह्यांचं नाव घेतलं, आमेन म्हटलं. एवढंच.

माणसं गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले. डोळे उघडे ठेवून म्हणाले, "बेटा, सकाळी वरण जरा खारट झालं होतं."

"मंग तवाच सांगाचं ना, बाबूजी," ती म्हणाली. "दुसरं केलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. यजमान तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले आणि परत कधी येशील, हे तिलाच विचारून आले. रविवारी ती आली. ह्यांची खोड पूर्ण गेलेली नाही, अजून मधूनच पित्याला घरच्या बातम्या जातात आणि माझं डोकं फिरतं. पण प्रभूचे उपकार मी विसरत नाही. आजवर त्यानं माझ्या पुष्कळ प्रार्थना ऐकल्या. त्या शुक्रवारची ती एक मात्र त्यानं माझ्या ओठांवर येण्याआधीच काढून घेतली.