गाठीवाल्या बाई

दुसऱ्याच्या शेतात शिरल्या की बाई नमस्काराआधी एक झाड उपटायच्या. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मालक ओरडायचा, "ओ बाई, काऊन उपटून राह्यल्या माहं सोयाबीन?"

"एक गेलं तं गेलं भाऊ. बाकीचे कसे हायेत थे पाहू द्या."

मुळावरची गाठ त्या नखाने फोडायच्या. आत गुलाबी दिसलं तर जिवाणू जिवंत, पिकाला हवेतलं नत्र मिळणार. पांढरी निघाली की बाईंना त्या दिवशी घास गोड लागायचा नाही. आम्ही त्यांना गाठीवाल्या बाई म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वरोऱ्यात, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये बाईंनी जिवाणू खताची कंपनी काढली. मी एटापल्लीकडची, आठवीतच शाळा सुटलेली. पुड्या भरायला लागले. जिवाणू वाढवायची काचेची बाटली हातात आली की माझा जीव खालीवर व्हायचा. बाई म्हणायच्या, "फुटली तं दुसरी येईन. तू तं एकच हायस." असं मला आजवर दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

पहिल्याच हंगामात घात झाला. दुकानदारांनी माल एप्रिलमध्ये उचलला, टिनाच्या छपराखाली रचला. आमच्याकडच्या उन्हात जिवाणू टिकतात कुठले! बी-खताचे व्यापारी रहमानभाऊ तावातावाने आले. "बाई, लोक म्हन्तेत, पुडीत मिट्टी हाय! येता पेराबी असाच गेला का माह्या दुकानातून तुमचं नाव खतम."

"खरं हाय भाऊ. मेलेला जिवाणू मंजे मिट्टीच."

आणखी एक हंगाम बुडाला की शेडला कुलूप, आणि मी एटापल्लीच्या बसमध्ये. घरी माझ्या पगाराकडे डोळे लागलेले. मला झोप लागेना.

शीतगृह बांधा, असं जो तो सांगे. ऊर्जानगरचं वीजघर एवढं जवळ, पण दुपारी आमचाच पंखा बंद! बाई म्हणाल्या, "थंडी खोली तं गावात घरोघरी हाय." पाण्याचे माठ ठेवतात तो ओल्या वाळूचा कोपरा! मग पुड्या आम्ही पेरणीच्या तोंडावरच भरल्या. पहाटे ओल्या पोत्यात गुंडाळून गावोगाव नेल्या, प्रत्येक गावात एका घरी माठांजवळ ठेवल्या. त्या घरची बाईच शेजारणींना दाखवायची, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला कसं चोळायचं ते.

रहमानभाऊ हसले. "कंपनी चालवून राह्यल्या का पानपोई?"

"पानपोईच समजा. तहान लागली का याल."

ऑगस्टमध्ये ते खरंच आले. भर वावरात, लोकांसमोर त्यांनी झाड उपटलं, गाठ फोडली. अंगठा गुलाबी! "अरे, हे तं जित्तं हाय!" मग दुसरं उपटलं, तिसरं. शेवटी मालक कळवळला, "भाऊ, पुरे! तुम्ही तं वावरच साफ कराल!" बाई इतक्या हसल्या की धुऱ्यावर खालीच बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गावोगावची माणसं पुड्या मागायला आपणहून शेडवर येऊ लागली. एक दिवस बाईंनी मला बोलावलं. "तू गावाले जाय."

मी हातातली पुडी खाली ठेवली. "बाई, माहं काही चुकलं का?"

"चुकलं नाई, पगली! हात कमी पडून राह्यले. पोरी घेऊन ये."

ज्या बसची इतकी धास्ती होती, तिच्यातून मी मिरवत गेले आणि तिघींना घेऊन परतले. बाई आता नाहीत. पण त्या दिवशी वरोऱ्याच्या स्टँडवर उन्हात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. त्यांनी तिघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीनच?"