“नवीन बाई का?”

“अक्का, कामवालों की लिफ्ट पीछे है.”

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बोलल्या. पुण्याच्या. माझ्याशी मराठीत बोलतात. आईशी हिंदीत बोलल्या. आई माझी. निपाणीहून आलेली, सकाळीच यशवंतपूर स्टेशनवर उतरलेली. पायांत रबरी चपला, हातात पिशवी.

लिफ्टमध्ये मी शेजारीच उभा होतो. मोबाइलमध्ये बघत.

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मजल्याचं बटण दाबलं. ती लिफ्टमधून बाहेर पडली.

“नवीन बाई का?” वहिनींनी विचारलं.

“हं,” मी म्हणालो.

दार अजून पुरतं मिटलं नव्हतं. आईनं ऐकलं.

इथं राहायला आलो तेव्हा मी असा नव्हतो. आमच्याकडं धुणीभांडी करणाऱ्या रत्नम्मांबरोबर एकाच लिफ्टनं जायचो. मग लक्षात आलं, आम्ही दोघं आत असलो की बाकीचे बाहेर थांबतात. “सरी, असू दे, तुम्ही व्हा पुढं.” एवढंच. महिन्याभरात मीही थांबायला लागलो. कामवाल्यांनी मागच्या लिफ्टनं जावं, असा नियम सोसायटीच्या ग्रुपवर आला. मी अंगठा टाकला. आईबद्दल कुणी विचारलं की सांगायचो, शिक्षिका होती.

तिनं जन्मभर लोकांची भांडी घासली. मागच्या दारानं जाऊन. म्हणून मी इंजिनिअर झालो.

वर आली तेव्हा तिची पिशवी रत्नम्मांच्या हातात होती. मी पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

“लोकांनी मला मागनं घेतलं,” ती म्हणाली. “पण तुझी आई न्हाई, असं कुणी म्हणालं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी ती परत गेली.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. उभा राहिलो.

“परवा लिफ्टमधून काढलं ती माझी आई. ती भांडी घासायची. शिक्षिका नव्हती, मी खोटं बोललो. हा नियम काढा.”

“अहो, आधी सांगायचं ना!” वहिनी म्हणाल्या. “आईंसाठी थोडाच आहे नियम?”

सगळे हसले. सवयीनं माझंही तोंड हसायला निघालं. मी आवरलं.

“आईसाठी नाही. रत्नम्मांसाठी काढा.”

कुणी हसलं नाही. नियम निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नम्मांना म्हणालो, पुढच्या लिफ्टनं चला. “बेडा अण्णा, नको. माझी कामं जातील.”

तेव्हापासून मीच मागच्या लिफ्टनं जातो. ग्रुपवर आता मला कुणी उत्तर देत नाही. आई फोन उचलत नाही. तिनं माफ करावं म्हणून मी हे करत नाही. दर मीटिंगला उभा राहणार. तेच बोलणार. समोरच्यांचे चेहरे बघून माझं तोंड पुन्हा मिटणार नाही.